कपाटातल्या सात बाटल्या : सापसरड्यांच्या आहारातील तेलाबद्दलच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

सापसरड्यांच्या उपचार केंद्रातलं औषधांचं कपाट आज पूर्ण रिकामं केलं. औषधांपेक्षा तेलंच जास्त निघाली. कॉड लिव्हर ऑइलच्या दोन बाटल्या, एक जवसाच्या तेलाची, एक ऑलिव्हची, एक खोबरेलाची, एक लिक्विड पॅराफिनची, आणि 'ई' जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल कापून कुठल्याशा तेलात मिसळलेली, वर काहीच न लिहिलेली एक. एकूण सात. यातली एकही डॉक्टर मॅडमनी लिहून दिलेली नाही. कुणीतरी आणली, कुणीतरी सांगितलं म्हणून सुरू झाली आणि पुढे रोजच्या कामात मिसळून गेली.

एकेक उघडून वास घेतला. जवसाचं तेल पक्कं खवट झालेलं. कॉड लिव्हरची एक बाटली खिडकीत उन्हाला ठेवलेली होती, झाकणाभोवती चिकट पिवळा थर. दोन्ही आजच टाकून दिल्या. खवट तेल निरुपयोगी असतं एवढ्यावर ते थांबत नाही. ते शरीरातलं 'ई' जीवनसत्त्व खर्ची घालतं.

या कामाला सुरुवात कशामुळे झाली तेही लिहून ठेवते. मागच्या वर्षी जप्तीतून आलेला एक बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर) तीन आठवडे शौच करत नव्हता. मॅडम त्या दिवशी बाहेरगावी होत्या. फोनवर एकाने सांगितलं, पॅराफिन पाजा, सुटेल. पाजलं मीच. सापाच्या श्वासनळीचं तोंड खालच्या जबड्यात अगदी पुढे असतं आणि पॅराफिनला ना चव ना वास, त्यामुळे ते चुकीच्या वाटेने चाललंय हे जनावरालाही कळत नाही. अकरा दिवसांनी तो गेला. शवविच्छेदनात फुप्फुसात तेल दिसलं. शौच अडकलं होतं ते पाणी कमी पडल्यामुळे आणि पिंजरा गार असल्यामुळे. कोमट पाण्याच्या टबात अर्धा तास ठेवला असता तरी कदाचित भागलं असतं.

मॅडम म्हणाल्या, "वर्षभर नोंदी ठेव. कुणाला कोणतं तेल, किती, कशासाठी आणि बंद केल्यावर काय झालं." आजपासून ठेवते आहे.

५ जून

सगळ्यांची वजनं केली. मादी अजगर: लांबी २.७ मीटर, वजन १२ किलो ८००. हिच्या पाठीवरून यंत्राचा फाळ गेला होता, कणा वाकडा जुळलाय, भक्ष्याला विळखा घालता येत नाही, म्हणून जंगलात सोडता येत नाही. कण्याच्या दोन्ही बाजूंना मांस फुगून मध्ये पन्हळ पडलीय आणि शेपटीकडच्या भागात खवले एकमेकांपासून फाकलेत. हा लठ्ठपणा आहे. इथले जुने कर्मचारी मामा याला 'तब्येत सुधारली' म्हणतात.

घोरपड, नर, पुढचा एक पाय फाशात गेलेला: २ किलो ४००. मानेजवळची कातडी पातळ, दोन जागी ओलसर.

पाणदिवडी (पाण्यातला बिनविषारी साप) दोन, दोन्ही हडकुळ्या. बॉल पायथन दोन, ठीक. हिरवी इग्वाना (मोठा सरडा) एक. लेपर्ड गेको (ठिपक्यांची पाल) पाच, त्यातल्या एकीचं वजन जेमतेम ३८ ग्रॅम आणि डावा डोळा अर्धवट मिटलेला.

८ जून

घोरपडीचा हिशोब मांडला आणि रात्री झोप लागली नाही.

आठवड्यातून तीनदा तिला कोंबडीचा खिमा मिळतो. त्यात साधारण ५० ग्रॅम कलेजी, एक अंडं आणि वरून चमचाभर कॉड लिव्हर. आपल्या बाटलीवर छापलंय: ५ मिलीत 'अ' जीवनसत्त्व ४५०० आययू (जीवनसत्त्व मोजायचं एकक), 'ड' ४५० आययू. कोंबडीच्या १०० ग्रॅम कच्च्या कलेजीत 'अ' साधारण ११,००० आययू असतं. म्हणजे एका जेवणात दहा हजार आणि आठवड्याला तीस हजार. जनावर अडीच किलोचंही नाही.

'ब' किंवा 'क' जादा झालं तर बरंचसं बाहेर टाकलं जातं. 'अ' आणि 'ड' चरबीत विरघळणारी. ती यकृतात साठत जातात, महिनोन्महिने. 'अ' फार झालं की कातडी सोलते, भूक मरते, हाडांवर परिणाम होतो. शिवाय 'अ' आणि 'ड' एकमेकांच्या आड येतात, म्हणजे 'ड' मिळावं म्हणून कॉड लिव्हर द्यायचं आणि त्यातल्याच 'अ'ने 'ड'चं काम बिघडवायचं. आणि हे सगळं ज्या खिम्यावर ओततो त्यात हाड नाही. कॅल्शियम जवळपास नाहीच.

आता गेकोंकडे बघा. त्यांना मिळतात रातकिडे आणि मीलवर्म (भुंगेऱ्याच्या अळ्या). कीटकांच्या अंगात तयार 'अ' जीवनसत्त्व नसल्यातच जमा. गेकोंना आजवर कुणी थेंबही दिलेला नाही, कारण ते लहान, त्यांना 'झेपणार नाही' असं सगळ्यांना वाटलं. ज्याच्या पोटात ते आधीच भरपूर जात होतं त्याला चमचा, आणि ज्याला खरोखर कमी पडत होतं त्याला काहीच नाही.

मॅडमना कागद दाखवला. त्यांनी दोनदा वाचला. घोरपडीचं तेल आणि कलेजी आजपासून बंद.

१२ जून

अजगराचं तेल बंद करायचं म्हटल्यावर मामा नाराज झाले. मामा इथे माझ्या आधीपासून आहेत. अजगर आली तेव्हा तिच्या जखमेतल्या अळ्या त्यांनी स्वतः चिमट्याने काढल्या होत्या, चार रात्री तिच्याजवळ बसून. त्यांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही.

"ताई, तेलानं कात मऊ पडती. पोटातनं थोडं, वरनं थोडं. न्हाईतर फाटून फाटून निघती बघा."

मी म्हटलं, "मामा, अख्खा उंदीर खाल्ला की त्याचं यकृत पोटात जातं, त्यात 'अ' भरपूर. हाडं जातात, त्यात कॅल्शियम. चरबी तर आहेच. वर तेल कशाला?"

"मग कात का फाटती?"

हा प्रश्न बरोबर आहे. जुनं रजिस्टर काढलं. फेब्रुवारी २०२४ची नोंद मामांच्याच अक्षरात: 'कात अकरा तुकड्यांत. डाव्या डोळ्यावरची राहिली.' तेव्हा तेल चालू होतं, पोटातूनही आणि वरूनही. मामांनी नोंद वाचली, काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बघू एक साल."

तेल बंद. खोबरेल चोळणंही बंद. कात सुटते ती जुन्या आणि नव्या थरांमधल्या द्रवामुळे, आणि त्याला हवेत ओलावा लागतो. वरून चोळलेलं तेल तिथे पोहोचत नाही, नुसती धूळ धरून ठेवतं.

१९ जून

घोरपडीने खिमा नाकारला. तेलाचा वास नाही म्हणून असेल. उद्या अख्खं कोंबडीचं पिल्लू देऊन पाहणार.

२० जून

पिल्लू तीन झटक्यांत गिळलं. पिसं, हाडं, सगळं.

२७ जून

आजची गोष्ट मला आधीच सुचायला हवी होती. उंदीर ज्यांच्याकडून घेतो तिथे प्रत्यक्ष जाऊन आले. जागा स्वच्छ, माणसं प्रेमळ. पण उंदरांचं खाणं म्हणजे शेजारच्या दुकानातला मोडका फरसाण, शेव, कधी शिळा पाव. वर्षाचे झालेले थोराड उंदीर, हातात घेतले तर चरबीने थलथलणारे. 'मोठ्या सापाला मोठा माल' म्हणून आम्हाला खास तेच बाजूला काढून ठेवतात.

उंदीर, कोंबडी, डुक्कर यांच्या अंगावरची चरबी बऱ्याच अंशी ते जे खातात तशीच बनते. गायी-म्हशींच्या पोटात जिवाणू ती आधी बदलून टाकतात, इथे तशी चाळण नाही. म्हणजे तळणीचं तेल फरसाणातून उंदरात आणि उंदरातून अजगरात. आम्ही वरचे दोन चमचे बंद करून समाधानात होतो आणि मुख्य तेल शेपटीला धरून रोज आत नेत होतो.

ठरवलं: केंद्रातच उंदरांची छोटी पैदास करायची. खाणं म्हणून गहू, ज्वारी, थोडी डाळ, गाजर, हिरवा पाला आणि जनावरांच्या खाद्यातला खनिजांचा चुरा. आणि अजगराला एका थोराड उंदराऐवजी दोन तरुण, मध्यम वजनाचे. अगदी गुलाबी, केस न आलेली पिल्लंही नकोत, त्यांच्यात हाड धरलेलं नसतं. मोठ्या सापाचं पोट त्यांवर भागवणं चूकच.

१५ जुलै

अजगराने कात टाकली. एकच सलग, तोंडापासून शेपटीपर्यंत मोज्यासारखी उलटी झालेली. दोन्ही डोळ्यांवरच्या पारदर्शक चकत्या कातेतच.

मी धावत मामांना दाखवायला गेले. त्यांनी कात हातावर घेतली, उजेडात धरून डोळे तपासले आणि म्हणाले, "झ्याक. पर ताई, पावसात समद्यांचीच कात चांगली निघती. माघात बघू."

खरं आहे. बाहेर चार दिवस संततधार आहे, भिंतींना बुरशी येतेय. या कातेवरून काहीच सिद्ध होत नाही. नोंद एवढीच: तेल नाही, कात पूर्ण, हवा ओली. खरी परीक्षा कोरड्या महिन्यांत.

९ ऑगस्ट, नागपंचमी

सकाळपासून फोन. दुपारपर्यंत तीन नाग आले. एकाच्या फण्याला तेलात कालवलेलं हळदकुंकू फासलेलं, खवल्यांच्या फटींत घट्ट बसलेलं. तासभर कोमट पाणी आणि मऊ कापूस. दुसऱ्याच्या तोंडात दूध आणि छातीत घरघर. साप दूध पीत नाहीत. दिवसेंदिवस पाणी तोडलेला साप तोंडापुढे येईल ते ओलं ओढतो आणि त्यातलं काही फुप्फुसात जातं. पॅराफिनच्या वेळी झालं तेच. आज त्याच्या पाठीवर हात ठेवताना तो बॉल पायथन आठवत होता.

संध्याकाळी एक आजोबा गुडघ्यांसाठी घोरपडीचं तेल मिळेल का विचारायला आले. वाळवंटातल्या सांड्याची चरबी वितळवून तेल विकतात, त्यासाठी त्या बिचाऱ्या पालापाचोळा खाणाऱ्या सरड्याचा कणा मोडून ठेवतात, हे त्यांना माहीत नव्हतं. खुर्ची देऊन बसवलं, चहा दिला, सगळं सांगितलं. जाताना त्यांनी लांबून घोरपडीला हात जोडले.

१० ऑगस्ट

दुसरा नाग पहाटे गेला.

२२ ऑगस्ट

पाणदिवडी. यांच्याबद्दल लिहायला उशीर झाला, कारण यांना कुणी तेल देत नव्हतं आणि म्हणून माझं लक्षच गेलं नाही. काल एकीची मान थरथरताना दिसली. बेडकावर झेप घ्यायची आणि हातभर बाजूला चुकायची.

यांचं खाणं: फ्रीजरमधली तारली. किनाऱ्यावरून महिन्याभराची एकदम येते. तारली म्हणजे तेलाची खाणच. माशाचं तेल जात्याच नाजूक, हवेने आणि वेळेने खवट होतं, फ्रीजरमध्येही. असे मासे महिनोन्महिने खाल्ले की शरीरातलं 'ई' संपतं आणि अंगातली चरबी पिवळी, कडक होऊन सुजते. २००८ साली दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात ऑलिफंट्स नदीच्या घळीत मगरी मोठ्या संख्येने मेल्या होत्या, त्यांच्या अंगात हीच पिवळी चरबी सापडली होती.

पण मान थरथरण्याचं कारण दुसरं. तारलीच्या आणि कार्पच्या कुळातल्या बऱ्याच माशांत थायमिनेज नावाचं विकर असतं, ते 'ब१' मोडून टाकतं. गोठवल्याने ते थांबत नाही. उकळीच्या जरा खाली, ८० अंशांच्या पाण्यात पाच मिनिटं ठेवलं की निकामी होतं. मॅडमनी लगेच 'ब१'चं इंजेक्शन दिलं.

आजपासून: तारली बंद. ओढ्यातले छोटे ताजे मासे, एकाच जातीचे नाहीत, आळीपाळीने. गोठवलेले द्यावेच लागले तर गरम पाण्यातून काढून, आणि दर किलो माशांमागे २५ मिलिग्रॅम 'ब१' व मॅडम ठरवतील तितकं 'ई'. साठा पंधरा दिवसांपेक्षा जुना नको. पाकिटावर तारीख मी स्वतः लिहीन.

२५ ऑगस्ट

थरथर कमी. आज तिने पहिल्याच झेपेत मासा पकडला. मी आणि मामा दोघंही काचेपाशी उभे होतो, श्वास धरून.

११ सप्टेंबर

गेको क्रमांक ४, ती ३८ ग्रॅमची. डावा डोळा पूर्ण मिटला, पापणीखाली पांढरा चोथा. कातेचे तुकडे बोटांवर अडकलेले. मॅडमनी सलाइनने डोळा धुऊन चोथा हळूच काढला. लेपर्ड गेकोला पापण्या असतात, सापासारखी पारदर्शक चकती नाही, म्हणून हे करता आलं.

मॅडम म्हणाल्या, "आता काढ तुझी बाटली."

मी चक्रावले. तीन महिने मी तेलाच्या विरोधातच वही भरत होते. त्यांनी गणित माझ्याकडूनच करून घेतलं. कॉड लिव्हरच्या ५ मिलीत ४५०० म्हणजे १ मिलीत ९००, आणि एका थेंबात, ०.०५ मिली धरला तर, ४५ आययू. या अंगाला एवढं पुरेसं. आठवड्यातून एकच थेंब, नाकावर ठेवायचा, तिने चाटून घ्यायचा, नळीने पाजायचं नाही. चार आठवडे, मग बंद. बाटली नवी, फ्रीजमधली, उघडल्याची तारीख घातलेली.

"थेंब इथे औषध आहे," त्या म्हणाल्या, "म्हणून त्याला सुरुवात आहे आणि शेवटही आहे. घोरपडीच्या चमच्याला शेवट नव्हता."

हे वाक्य मी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलंय.

९ ऑक्टोबर

चौथा आणि शेवटचा थेंब २ तारखेला दिला होता. डोळा उघडा, स्वच्छ. वजन ४३ ग्रॅम. यापुढे पाचही गेकोंना आठवड्यातून एकदा 'अ' असलेली जीवनसत्त्वांची पूड कीटकांवर भुरभुरवून, आणि कॅल्शियम जवळजवळ दर जेवणाला.

२० ऑक्टोबर

कीटकांचं खाणं बदलण्याचा प्रयोग. आकडे आधी, कारण हे मलाही नव्याने कळले. ताज्या वजनात मोठ्या रातकिड्यात चरबी सुमारे ७ टक्के, मीलवर्ममध्ये १३, सुपरवर्म या अळीत जवळपास १८, वॅक्सवर्म या अळीत २५. म्हणजे वॅक्सवर्म हा चालताबोलता लोण्याचा गोळा. दुबळ्या गेकोला दोन-तीन ठीक, रोजचं जेवण म्हणून अजिबात नाही.

मग प्रश्न किती चरबीपेक्षा कोणती चरबी हा. कोंड्यावर वाढलेल्या कीटकांत ओमेगा-६ भरपूर आणि ओमेगा-३ नगण्य. यावर लोक गेकोच्या तोंडात जवसाचं तेल टाकतात. त्यापेक्षा जवस कीटकालाच खाऊ घातला तर? कीटकाच्या अंगातली ओमेगा-३ त्याने वाढते, हे अनेक ठिकाणी मोजून पाहिलेलं आहे. आणि जवस आपल्या घरचा. माझं माहेर विदर्भातलं, जवसाच्या चटणीशिवाय जेवण झालं नाही. आईकडून पाच किलो मागवला.

रातकिड्यांच्या डब्यात आता: ताजा दळलेला जवस (दर तीन दिवसांनी थोडाच दळायचा, दळलेला ठेवला की तोही खवट), गव्हाचा कोंडा, कॅल्शियम कार्बोनेटची पूड, गाजर, शेवग्याचा पाला. खायला घालण्याआधी किमान एक दिवस कीटक या खाण्यावर. तेल थेट पाजलं तर पिंजऱ्याला, तोंडाला लागतं, सांडतं, खराब होतं. बियांतून गेलेलं तेल कीटकाच्या पोटात बंद राहतं.

सोबत ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्याही सुरू केल्या. कचऱ्यापासून खत करणाऱ्यांकडे मिळतात. त्यांच्यात कॅल्शियम मुळातच चांगलं, पण त्या पाल्यावर, कोंड्यावर वाढवलेल्याच घ्यायच्या, हॉटेलच्या उरल्यासुरल्यावरच्या नाही.

इग्वानाला यातलं काहीच नको. ती पूर्ण शाकाहारी. तिच्या आधीच्या मालकाने अंडी आणि तेल लावलेला पाव खाऊ घातला होता असं जप्तीच्या कागदात आहे. तिची ताटली: अंबाडी, तुतीची पानं, शेवगा, जास्वंदीची फुलं, किसलेला लाल भोपळा. पालक क्वचितच, त्यातली ऑक्झलेटं कॅल्शियम अडवतात. 'ड'साठी बाटली नाही, सकाळचं कोवळं ऊन, जाळीतून. काचेतून आलेल्या उन्हात हवे ते अतिनील किरण नसतात. केंद्रातल्या अतिनील दिव्याची नळी दिसायला अजून लख्ख आहे, पण वर्ष उलटलंय, बदलायला हवी. मागणी लिहून दिली.

३ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी, केंद्र शांत. मामांना जेवणानंतर अजगराच्या हृदयाची गोष्ट सांगितली.

बर्मी अजगर आपल्या अजगराचा इतका जवळचा भाऊबंद की बरीच वर्षं दोघांना एकाच जातीचे धरत. तो मोठं भक्ष्य गिळतो तेव्हा दोन-तीन दिवसांत त्याचं हृदय सुमारे ४० टक्क्यांनी वाढतं आणि पचन झालं की परत मूळ आकाराला येतं. त्या दिवसांत रक्त चरबीने दुधाळ होतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठातल्या लेस्ली लेनवँड यांच्या गटाने २०११ साली दाखवलं की हृदय वाढवणारा इशारा त्या चरबीतल्याच तीन आम्लांच्या मिश्रणातून येतो: मिरिस्टिक, पामिटिक, पामिटोलेइक. एवढी चरबी रक्तात असूनही ती हृदयात साठत नाही.

मामा बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "आन् ही चरबी कुठनं येती? त्या भक्ष्यातनंच?"

"भक्ष्यातूनच."

"मंजे त्याचं समदं आधीच ठरलेलं हाय. केव्हा किती." आणि उठून अजगराच्या खोलीकडे गेले. परत आले तेव्हा म्हणाले, दोन जेवणांत आणखी आठवडाभर अंतर वाढवू या, ती अजून जड आहे. मी हे सुचवणारच होते. त्यांनी सुचवलं ते जास्त बरं झालं.

२८ नोव्हेंबर

रात्री चार तास वीज नव्हती. एका बॉल पायथनने आदल्या दिवशीचा उंदीर अर्धवट ओकला. चरबी पचवायला ऊब लागते. अंग गार पडलं की अन्न पोटातच सडतं. आता जेवणाच्या आदल्या दिवशी इन्व्हर्टर तपासायचा, गरम पाण्याच्या पिशव्या तयार ठेवायच्या.

ऊब आणि तेलाचं नातं आणखी खोल आहे. ऑस्ट्रेलियातल्या शिंगलबॅक सरड्यांवर १९९०च्या दशकात झालेल्या प्रयोगात असंतृप्त चरबी खाल्लेल्या सरड्यांनी बसायला तुलनेने गार जागा निवडली, संतृप्त चरबीवाल्यांनी गरम. म्हणजे वरून ओतलेलं तेल जनावर कुठे बसेल हेही बदलू शकतं. पिंजऱ्यात एकच तापमान ठेवून वर तेल ओतणं बरोबर नाही. गरम कोपरा आणि गार कोपरा दोन्ही हवेतच, म्हणजे त्याला निवडता येईल.

१८ डिसेंबर

घोरपड: २ किलो १५०. मानेवरची कातडी बुजली, खवले पुन्हा आलेत. सहा महिने तेल नाही, कलेजी नाही. अख्खी पिल्लं, उंदीर, रातकिडे, अंडं महिन्यातून दोनदा. ऊन खायला तिच्या फरशीची तापलेली बाजू आता ४५ अंशांपर्यंत जाते, आधी ३५ होती. कातडी सुधारण्यात या उन्हाचाही वाटा असणार, मॅडमचं हेच मत. दोन्ही गोष्टी एकत्र बदलल्या, वेगळ्या करून पाहायला जनावर एकच आहे आणि त्याला परत आजारी पाडायचं नाही.

आज ती तीन पायांवर खोलीभर फिरली, मातीत नाक खुपसून झुरळ उकरून काढलं.

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. हवा कोरडी, ओठ फुटतायत. अजगर महिनाभर जेवलेली नाही, थंडीत हे तिचं नेहमीचंच. वजन ११ किलो ७००. मामांनी तिच्या खोलीत आडवा फुटका रांजण ठेवलाय, आत ओलं गोणपाट, दिवसातून दोनदा पाणी शिंपडतात. बाहेर कोरडी, आत ओली. हवेचा ओलावा खोलीत ३४ टक्के, रांजणात ७० च्या वर.

२० फेब्रुवारी

अजगराचे डोळे दुधाळ झाले. आठवडाभरात कात. मी कपाटाकडे बघायचंही टाळतेय.

२४ फेब्रुवारी

डोळे पुन्हा स्वच्छ. ती रांजणातून बाहेर येत नाही.

२ मार्च

सकाळी सहाला मामांचा फोन. "ताई, या."

कात रांजणाच्या तोंडाला अडकलेली, बाकीची आत. बाहेर काढून अंगणात पसरली. एकच. वाकड्या कण्याजवळ, जिथे खवले आडवेतिडवे आहेत तिथे, हाताएवढी फाट, बाकी सलग. डोळ्यांच्या चकत्या मोजल्या: दोन. मामांनी मागच्या फेब्रुवारीचं रजिस्टर आणलं, त्या अकरा तुकड्यांच्या ओळीखाली आजची तारीख घातली आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'कात एक. डोळे दोन्ही. तेल नाही. ओलं गोणपाट.'

मग खोबरेलाची बाटली कपाटातून काढून त्यांनी बायकोसाठी घरी नेली. कॉड लिव्हरची एक बाटली फ्रीजमध्ये आहे, गेकोच्या नावाने, किल्ली मॅडमकडे. गेको क्रमांक ४ चं वजन आज ५१ ग्रॅम.